हरभऱ्यावरचं धोतर

मार्गशीर्ष लागला की साखऱ्याच्या शिवारातली सकाळ आंबट होते. खोटं वाटेल, पण नाकाला कळतं. हरभरा फुलावर येतो, घाटे धरू लागतो, आणि रात्रीच्या दवात त्याच्या पानांवर एक खार उतरतो. उजाडता उजाडता कुणी त्या वावरातून चालत आलं की त्याच्या पायांबरोबर तो वास गावात येतो, ओट्यापर्यंत येतो. यंदाही आला. या एका वर्षात संस्थानी राज्य गेलं, चावडीवरचं निशाण बदललं, पैनगंगेवरचा नाका ओस पडला. हरभऱ्याला मात्र यातलं कुणी काही कळवलेलं दिसत नाही. तो वेळेवर आंबटला, आणि मी दरवर्षीप्रमाणे वावराकडे पाठ करून बसायला लागलो.

गणपत माझं वावर बटईने करतो. त्याला वाटतं, बाबूला थंडी सोसत नाही. वाटू द्यावं.

मी मूळचा या गावचा नव्हे. तीस वर्षं वऱ्हाडात रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होतो. कापसाच्या गाठी, सरकीची पोती, त्यांच्या पावत्या आणि त्यांच्यावरून होणारी भांडणं, यांत जन्म गेला. पेन्शनीत निघालो ती लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझी एक मावशी साखऱ्यात होती, तिला मूलबाळ नव्हतं. तिने जाताना मातीचं एक घर आणि आठ एकरांचा तुकडा माझ्या नावे केला. माझी बायको यमुना म्हणत होती की नागपूरला लेकीजवळ दोन खोल्या घेऊ. मी म्हटलं, रेल्वेच्या क्वार्टरांत भाड्याचं आयुष्य पुरे झालं, आता आपलं घर, आपलं वावर. ती म्हणाली, "पण तो परमुलूख आहे." मी हसलो. नदी ओलांडली की मोगलाई, म्हणजे संस्थानी मुलूख, त्यात परमुलूख कसला? तिथेही माणसं मराठीच बोलतात, भाकरीच खातात.

हसायला नको होतं. बाई बरोबर बोलली होती.

नदीवरच्या नाक्यावर शिपायाने आमच्या दोन्ही गाड्यांतल्या पेट्या उघडायला लावल्या. यमुनेच्या लुगड्यांची, देवांची, भांड्यांची. ती उन्हात उभी राहून आपला संसार वाळूवर मांडलेला पाहत होती. पुढे तर सगळंच वेगळं निघालं. इथे हाली रुपया, आमचा तो कलदार. कचेरीतले कागद उर्दूत, त्यांवरचे महिने आजूर आणि बहमन. नागपूरच्या लेकीला पत्र टाकावं तर इथलं तिकीट तिकडे चालेना. मी या सगळ्याचा चार महिन्यांत बंदोबस्त केला. सवयच होती. कुठे काय मिळतं, कुठे किती वाजता जायचं, याचा कागद करून दाराच्या मागे चिकटवला. वावराला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, बांधावर खुंट्या मारल्या, खुंट्यांवर डांबराने आकडे घातले. लोक बांधावर थांबून ते आकडे पाहत आणि काही न बोलता पुढे जात. ते हसतात हे मला कळायचं. मी मनात म्हणायचो, हसा, पण माझी एक काडी इकडची तिकडे होणार नाही.

यमुनेचा बंदोबस्त कुठल्या कागदात बसेना. ती चूल लिंपायची, दळायची, सांजवात करायची आणि मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसायची. गावातल्या बायका आल्या, बसल्या, विचारपूस करून गेल्या. ही बोलताना अडखळायची. इतकी वर्षं क्वार्टरांत दर तीन वर्षांनी नवी शेजारीण करून आणि सोडून ती थकली होती. आता पुन्हा पहिल्यापासून ओळख करायची, तीही अशा ठिकाणी जिथून लेकीला पत्र टाकायचं म्हणजे कुणाला तरी नदीपार धाडावं लागतं. मला हे तेव्हा कळलं नाही. आज कळतं, आणि आज कळून उपयोग नाही.

तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं ते हमीदाबीमुळे.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे हमीदाबीचं घर होतं. पिंजाऱ्याची विधवा. नवरा गेल्यावर तिने त्याची धनुकली खाली ठेवली नाही. स्वतः घरोघर जाऊन गाद्या पिंजायची. त्या दिवाळीनंतर आमच्या क्वार्टरातल्या दोन दगड झालेल्या गाद्या उसवायला ती आली. अंगणात धनुकलीच्या तांतीचा आवाज सुरू झाला, कापूस उडू लागला, आणि मी ओट्यावर पेपर वाचत होतो तिथवर यमुनेचं हसणं आलं. डोकावून पाहिलं तर दोघींच्या केसांवर, भुवयांवर कापूस बसलेला.

"भाभी, तुमी काहून अशा चिडीचूप बसून राहता?" हमीदाबी विचारत होती. "ह्या गादीवानी झालं तुमचं. किती सालं उसवली न्हाई हिला?"

"बारा-तेरा वर्षं झाली असतील."

"मंग काय व्हईन? आता उसवली, आता बसंन पाठीला बराबर."

त्या दिवसापासून भिंतीवरून बोलणं सुरू झालं. भिंतीचा वरचा थर एका जागी ढासळला होता. मी तो दुरुस्त करायचं ठरवलं तेव्हा यमुना म्हणाली, "राहू द्या हो, उजेड येतो." संध्याकाळी मला हमीदाबीच्या तोंडची वाक्यं जेवताना वाढली जायची. कुणाच्या म्हशीने काय केलं, कुणाच्या सुनेला काय हवंय. यमुना त्या गावात उतरली ती त्या भिंतीवरून.

तिचं पोट फार जुनं दुखणं. जेवण झालं की बरगडीखाली धरून बसायची. मी वऱ्हाडातल्या डॉक्टरची बाटली आणवून ठेवली होती आणि ठणकावून सांगितलं होतं की हे गावठी पाले, मुळ्या, अंगारे काही घ्यायचं नाही. शिवाय कुणाच्या हातचं काय प्यावं याचेही त्या काळी नियम होते, आणि नियम म्हटले की मी सगळ्यांच्या पुढे. तेव्हा जे झालं ते माझ्यापासून लपवून झालं, यात नवल काहीच नाही. मीच तशी व्यवस्था केली होती.

आता आंबेविषयी सांगितलं पाहिजे. खेड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण मालधक्क्यावर केस पांढरे केलेल्या माणसाला ती ठाऊक नव्हती, हेच तर या सगळ्याचं मूळ आहे. हरभऱ्यावर संध्याकाळी स्वच्छ, मऊ, पांढरं कापड पसरून ठेवतात. दवाबरोबर पानांवरचा खार त्यात शोषला जातो. उन्हं यायच्या आत कापड उचलायचं आणि चिनी मातीच्या बरणीत पिळायचं. तांब्या-पितळेत नाही, ती कळकते. ते जे आंबट, डोळे मिटायला लावणारं पाणी निघतं ती आंब. वर्षभर टिकते, आणि पोटदुखीवर चार थेंब पाण्यातून देतात. कापड नवं चालत नाही, पुष्कळदा धुतलेलं लागतं. हमीदाबीने यमुनेच्या पोटासाठी आंब धरायचं ठरवलं, आणि यमुनेने तिला माझं एक जुनं धोतर काढून दिलं.

हमीदाबीने विचारही किती केला होता पाहा. बरणीला तिने हात लावला नाही. ओलं धोतर गुंडाळून ती भिंतीवरून द्यायची आणि म्हणायची, "पिळा तुमच्या हातानं." मी त्या वेळी ओढ्यावर गेलेलो असायचो. असं तीन दिवस झालं म्हणे.

चौथ्या दिवशी मी ओढ्यावर न जाता वावरात गेलो. कुंपणातून कुणाची तरी शेळी शिरते असा मला संशय होता. धुकं होतं. बांधावरून पाहतो तर हरभऱ्यात कुणीतरी आडवं पडलेलं, पांढऱ्या कापडाखाली. दोन पावलं पुढे गेलो तर कापडाच्या टोकाशी एक बाई वाकलेली, आणि कापड म्हणजे माझं धोतर. कोपऱ्यावर रेल्वेच्या धोब्याने घातलेली काळी खूण मला वीस पावलांवरून ओळखू आली.

भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं त्याची मला आज शरम वाटते. मला आनंद झाला. चार महिने ज्या चोराची मी वाट पाहत होतो तो अखेर सापडला. मी ओरडलो. वाटेने जाणारे चार जण थांबले. हमीदाबी धोतर हातात धरून उभी राहिली. तिच्या मनगटांवरून पाणी ओघळत होतं.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग गावाकडे, आमच्या घराच्या दिशेला पाहिलं. कुणाला न सांगण्याचा शब्द तिने यमुनेला दिला होता.

मी तिला चावडीवर नेलं. ओढत नेलं नाही, हात लावला नाही, सगळं नियमाने. ती पुढे, मी मागे, धोतर माझ्या हातात. पोलीसपाटील शेकोटीजवळ बसला होता. शांत, हळू बोलणारा माणूस. त्याने धोतर हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि मला विचारलं, "बाबू, तुमचंच हाय का? नीट पाह्यलं ना?"

"माझंच. ही पाहा खूण."

"अन् घावलं कुठं?"

"माझ्याच वावरात. हरभऱ्यावर टाकलेलं."

"हरभऱ्यावर," पाटील म्हणाला, आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग हमीदाबीकडे वळला. "तुला काई सांगायचं हाय का, बाई?"

"न्हाई, पाटीलसाब."

"मंग बस इथं. दुपारपर्यंत पाहू."

धोतर घेऊन मी घरी आलो ते ऐटीत. धोतर पाण्याच्या बादलीत बुचकळलं, घुसळलं आणि यमुनेला हाक मारून म्हटलं, "तुझी ती मैत्रीण चोर निघाली." यमुना चुलीपाशी होती. तिने बादलीत पाहिलं. आधी तिने बादलीत हात घालून धोतर बाहेर काढलं, पिळलं, आणि ते पाणी हातावरून जमिनीवर पडताना पाहत राहिली. मग म्हणाली, "धोतर मी दिलं होतं." आणि आंबेचं सगळं सांगितलं, उभ्यानेच, खालच्या आवाजात.

"आत्ता जा," ती म्हणाली. "आत्ता जाऊन सांगा पाटलांना."

मी म्हटलं, जातो. पण आधी अंघोळ झाली. मग पूजा झाली. तिने पान वाढलं नाही, तेव्हा मी स्वतःच्या हाताने घेऊन जेवलो. डोक्यात एकच चाललं होतं. गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. चार लोकांसमोर ओरडलो होतो. आता जाऊन काय सांगू? की माझ्याच बायकोने दिलेलं धोतर मला ठाऊक नव्हतं? की हरभऱ्याची आंब म्हणजे काय हे आठ एकरांच्या मालकाला ठाऊक नाही? अशा माणसाला इथे कोण उभं करेल? उरलेलं आयुष्य इथेच काढायचं होतं. नागपूरच्या खोल्यांना तर मीच नकार दिला होता.

दुपारी चावडीवर गेलो. हमीदाबी भिंतीच्या सावलीत बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. मी पाटलाला म्हटलं, आणि हे वाक्य मला दहा वर्षं शब्दन् शब्द पाठ आहे: "जाऊ द्या तिला. गरीब बाई आहे. मला काही तक्रार करायची नाही."

एवढं बोललो. ती निरपराध आहे, हे बोललो नाही. माफी मागायला गेलेला मी माफी देऊन परत आलो.

चावडीवरचे म्हातारे म्हणाले, "दिलदार माणूस हाय बाबू." मी मान डोलावली. हमीदाबी उठली, लुगडं झटकलं आणि निघून गेली. संध्याकाळी गणपतने तीच वाहवा घरी येऊन यमुनेसमोर केली. तिने ती ऐकली, मला पाणी दिलं, आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. चिडली नाही, रडली नाही. कामापुरतं बोलायची.

त्याच हिवाळ्यात हमीदाबीने गाव सोडलं. कळमनुरीला तिचा दीर होता, त्याच्याकडे गेली. मी स्वतःला सांगितलं, तिथे मोठा बाजार आहे, गाद्यांचं काम जास्त मिळेल. भिंतीचा ढासळलेला थर मी पुढच्या उन्हाळ्यात बांधून काढला. यमुना काही म्हणाली नाही. ती आणखी दोन हिवाळे जगली. पोटानेच गेली. आंबेने ती वाचली असती असं मी म्हणत नाही, डॉक्टरच्या बाटलीनेही वाचली नाही. पण त्या दोन हिवाळ्यांत घरात जी शांतता होती ती अजून या घरात आहे. सकाळी मी चूल पेटवतो, चहा ठेवतो, आणि कधी कधी मागच्या अंगणातून तांतीचा आवाज येतो. पलीकडे आता कुणी राहत नाही. छप्पर बसलंय, आत एरंड माजलाय. तरी आवाज येतो. मी कप खाली ठेवून ऐकत राहतो आणि चहा निवतो.

हरभऱ्याच्या दिवसांत हे जास्त होतं. धुक्यात वावर पाहिलं की मधोमध कुणीतरी पांढरं पांघरून झोपलंय असं वाटतं. ती कधी हमीदाबी असते, कधी यमुना. म्हणून मी पाठ करून बसतो.

हे साल सगळ्यांनाच वाईट गेलं. आधी जुन्या राज्याच्या हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीने आम्ही घरं बंद करून नदीपलीकडे जाऊन राहिलो. पाऊस सरता सरता राज्य बदललं, आम्ही परत आलो, आणि मग ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं अशाही कितीएक मुसलमानांच्या घरांना कुलपं लागली. कुठे काय झालं हे लोक हळू आवाजात सांगायचे. मी ऐकायचो आणि मला एकच बाई दिसायची, भिंतीच्या सावलीत बसलेली. वाटलं, आता सांगितलं नाही तर राहूनच जाईल. गेल्या आठवड्यात बाजाराचा दिवस धरून गणपतच्या गाडीने कळमनुरीला गेलो. पिंजाऱ्यांची आळी शोधून काढली. दारं बंद होती. कोपऱ्यावर एक म्हातारा विळे पाजवत बसला होता, त्याला हमीदाबीचं विचारलं.

"गेले ते समदे," तो म्हणाला. "दसऱ्याच्या आधीच गेले."

"कुठे?"

"कोन सांगावं, बाप्पा. रातोरात उठून जाणारं माणूस पत्ता ठेवून जातं का?"

परतीच्या वाटेवर गणपतने विचारलं, काय काम होतं? आणि मी बोललो. दहा वर्षं जे चावडीवर बोलायचं होतं ते बैलगाडीत, एका माणसापाशी बोललो. की धोतर यमुनेनेच दिलं होतं, की ती बाई चोर नव्हती, की मला हे त्याच दिवशी कळलं होतं आणि तरी मी गप्प राहिलो.

गणपतने बैलांकडे पाहत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबू, ते तर समद्याला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"चोरलेलं धोतर कोनी मालकाच्याच हरभऱ्यावर टाकून आंब धरते का? पाटलानं वास घेतला तवाच त्याला समजलं. तुमी जेवाया गेल्ते, तवा तिला घरी जा म्हनले पाटील. तीच उठली न्हाई."

"का?"

"म्हने, बाबू परत येतीन अन् मी इथं दिसली न्हाई तर त्यायची फजिती व्हईन. अन् समद्याला हात जोडून म्हनली का बाबूला कोनी काई बोलू नका. नवं माणूस हाय. त्यायचं हसं झालं तर ते पुन्यांदा बिऱ्हाड हलवतीन, अन् भाभी आता कुठं या गावात रमून राहिली."

गाडी चालली होती. मी विचारलं, "यमुनेला हे ठाऊक होतं?"

"व्हय तर. बायकायनं दुसऱ्याच दिशी सांगितलं तिला, विहिरीवर. तवापासून पयली घागर तिला भरू द्यायच्या. हमीदाबीनं सांगून ठिवलं व्हतं, हिला संभाळा."

मला ती पहिली घागर आठवली. यमुना विहिरीवर गेली की बायका बाजूला व्हायच्या, दोर तिच्या हातात द्यायच्या. मी ओट्यावरून पाहायचो. मला वाटायचं, रेल्वेबाबूची बायको म्हणून देतात.